शेवटच्या रांगेतला हात

ध्वनिवाल्याने बिनतारी माइकच्या रिसीव्हरच्या डब्यावर पुन्हा एक थाप मारली. डब्यातून आधी खरखर आली, मग कसलीशी चिवचिव, आणि मग पुन्हा खरखर. रंगमंचावर त्याची ताई कॉलरला माइक लावून बोलत होती आणि सभागृहात नुसता कचरा ऐकू येत होता.

"मारून काही व्हायचं नाही त्याला," सभागृहातली रेंज तपासायला आलेला मोबाइल कंपनीचा इंजिनिअर पहिल्या रांगेतून म्हणाला. त्याच्या मांडीवर लहरी मोजायचं यंत्र होतं. "हा लहरींचा पट्टा आता आमचा आहे."

"तुमचा? काल-परवापर्यंत तर टीव्हीचा होता!"

"टीव्हीवाल्यांनी सोडला, सरकारनं लिलाव केला, आम्ही घेतला. तुमचे माइक टीव्हीच्या दोन वाहिन्यांमधल्या फटीत चालायचे. आता फटच राहिली नाही."

"आणि करणार काय तुम्ही त्याचं?"

इंजिनिअरचा चेहरा खुलला. या लहरी म्हणे भिंतीतून आरपार जातात. तळघर असो, लिफ्ट असो, असलं जाड भिंतींचं सभागृह असो, फोन दणक्यात चालणार. पुढेमागे गाड्या एकमेकींशी बोलतील, डॉक्टर घरबसल्या लांबच्या पेशंटला तपासतील.

"ह्याच खुर्चीत बसून लोकांना अख्खा सिनेमा बघता येईल," तो म्हणाला.

"नाटक चालू असताना?"

"तो त्यांचा प्रश्न."

ध्वनिवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली. पण ह्या पोरगेल्या माणसावर तोंडसुख घेऊन काय उपयोग? प्रयोग शनिवारी होता आणि नव्या पट्ट्यावरचे माइक यायला तीन महिने. प्रयोग पुढे ढकला, पुढे ढकला, म्हणून चार दिवस त्याने मंडळींचं डोकं खाल्लं होतं. सगळे त्यालाच वैतागले होते. माइक नाहीत तर जरा मोठ्यानं बोलू, त्यात एवढं आकाश कोसळल्यासारखं काय करायचं?

त्यांना काय जातंय बोलायला! ताईचा आवाज गेलाय, हे फक्त त्याला ठाऊक होतं. बसला नव्हता, फाटला नव्हता, एकेक प्रयोगागणिक आटत गेला होता. मिक्सरवरची तिच्या माइकच्या आवाजाची पट्टी तो दर वेळी केसभर वर सरकवायचा, कुणाच्या लक्षात न येता. आता पट्टी वरच्या टोकाला टेकली होती. माइक काढला तर तिचा शब्द दुसऱ्या रांगेपुढे जात नव्हता, आणि टाळ्या मात्र पार मागून यायच्या. त्या टाळ्यांवर जगणाऱ्या बाईला हे सांगायचं कुणी? तो नाही सांगणार, मेला तरी.

ताई माइक काढत पुढे आली.

"छोट्या, झाली का तुझी कुरकुर?"

छोट्याची पन्नाशी उलटली होती, पण हे कोण सांगणार तिला.

"ताई, ऐक माझं. ढकलू या पुढे."

"का? मी काय आडवी पडलेय?"

"माइक नाहीत गं!"

"माइक नव्हते तेव्हा काय खाणाखुणा करून नाटकं करत होतो आपण?"

"वरून टांगते माइक लावतो मग."

"म्हणजे माझ्या वाक्यावर बाकीच्यांच्या पावलांची धपधप. काही नको."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी? हेच सभागृह होतं. तू मागे दप्तर मांडीवर घेऊन बसायचास. विसरलास?"

विसरला कुठला? प्रयोगाआधी त्याने शेवटच्या रांगेत बसायचं, तिने आपलं पहिलं वाक्य म्हणायचं, आणि शब्दन् शब्द ऐकू आला तरच त्याने हात वर करायचा. एकदा तर त्याने हात वर करायचं इतक्यांदा नाकारलं, की ती रडकुंडीला आली. बाकीच्यांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण ती त्याला एका शब्दानं बोलली नाही. घसा खाकरून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली. पुढे माइक आले आणि तो हात बंद झाला.

"जा," ती म्हणाली. "बस मागे."

"ताई, काय पोरखेळ लावलायस..."

"जा म्हटलं ना. आणि अहो साहेब, ते यंत्र बंद करा जरा."

इंजिनिअरने यंत्र बंद केलं. विंगेत नाटकात ताईची मुलगी होणारी तरुण नटी उभी होती. हिला ताईची अख्खी भूमिका पाठ. ताई जरा अडली की विंगेतून शब्द आलाच म्हणून समजा. तिला बघूनही ध्वनिवाल्याचं डोकं फिरलं. आज सगळं जगच त्याच्या मुळावर उठलं होतं.

"शेवटच्या रांगेतसुद्धा फुल रेंज येणार बघा," ध्वनिवाला शेजारून जाताना इंजिनिअर म्हणाला.

"कौतुक आहे," तो म्हणाला आणि पायऱ्या चढून मागे जाऊन बसला.

ताई रंगमंचाच्या मधोमध आली. तिने हात सोडले, मान किंचित वर केली. तिचे ओठ हलले. त्याला पंख्याची घरघर ऐकू आली. इंजिनिअरच्या बॅगेची चेन ऐकू आली. तो खुर्चीच्या कडेला सरकला, कानामागे हात नेणार होता तो त्याने मध्येच मागे घेतला. वाक्य त्याला पाठ होतं. दार उघडं ठेव, मी अजून गेले नाही. ओठांबरोबर तो मनातल्या मनात ते म्हणत गेला. ओठ मिटले. ती त्याच्याकडे बघत राहिली.

त्याने हात वर केला. चांगला उंच, वर्गात करतात तसा.

ती क्षणभर तिथेच थांबली. मग पायऱ्या उतरली, खुर्च्यांच्या पाठी धरत धरत वर आली आणि त्याच्या शेजारी बसली. तिला धाप लागली होती.

"आलं ऐकू?"

"आलं की."

"शेवटचा शब्दसुद्धा?"

"हो गं बाई! किती वेळा सांगू?" तो खेकसला.

"मी नुसते ओठ हलवले, छोट्या."

लिलाव करणाऱ्यांना, घेणाऱ्यांना, त्या चेनवाल्या बॅगेला घालायला त्याच्याजवळ शिव्या पुष्कळ होत्या, पण आत्ता एकही वर येईना.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पट्टी वर टेकलीय, ताई. आता पुढे जागाच नाही."

तिने मान डोलावली. मग विंगेकडे बघितलं.

"त्या पोरीला हाक मार," ती म्हणाली. "तूच मार. माझी पोचायची नाही."

त्याने हाक मारली. मुलगी विंगेतून बाहेर आली आणि अंधारात ह्यांना शोधू लागली.

"माझं पहिलं वाक्य म्हणायला सांग तिला."

"ताई, अगं..."

"सांग."

त्याने सांगितलं. मुलगी गोंधळली, तिने इकडेतिकडे बघितलं, मग मधोमध येऊन उभी राहिली आणि वाक्य म्हणाली. सगळ्या रिकाम्या खुर्च्या ओलांडून ते थेट मागे आलं, शेवटच्या शब्दासकट.

मुलगी वाट बघत होती. ध्वनिवाला आपल्या मांडीवरच्या हाताकडे बघत बसला. काही केल्या तो हात उचलेना.

शेजारी ताईने आपला हात वर केला.