त्रेपन्न ओळींचा तक्ता

माहितीपत्रकात दुष्परिणाम त्रेपन्न होते. दहातल्या एकाहून अधिक जणांना होणारे चौदा, त्याहून विरळ अडतीस, आणि एक चुकून दोनदा छापलेला. ही छपाईची चूक मी पाच मिनिटांत पकडली. पुढच्या पाच आठवड्यांत मी पकडलेली ती एकमेव चूक.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला सुचणार तेच मला सुचलं: तक्ता. आईच्या कॅन्सरच्या गाठीवरचं औषध, पॅक्लिटॅक्सेल, दर आठवड्याला सलाइनमधून जायचं होतं, बारा वेळा. आधी मी तिला ते समजावलं.

"पेशीत बारीक धागे असतात. पेशीचे दोन भाग होताना ते जुळतात आणि सुटतात. हे औषध ते सुटूच देत नाही."

आई तीस वर्षं शर्ट शिवते. म्हणाली, "म्हणजे कच्चे टाके उसवूच द्यायचे नाहीत. मग कापड पुढे सरकणार कसं? एवढं सांगायला चित्रं कशाला काढलीस?"

मी सात आकृत्या गुपचूप मिटल्या.

रोज सकाळी पेन घेऊन बसायचे. "मळमळ?"

"तुझे प्रश्न ऐकले की होते."

'सौम्य', मी लिहिलं. "बोटांना मुंग्या, बधिरपणा?"

"नाही."

पस्तीस दिवसांत पस्तीस 'नाही'. प्रयोगशाळेत एवढी सरळ रेघ कुणी आणली असती, तर मीच त्याला चोर ठरवलं असतं.

सहाव्या सलाइनच्या आधी सिस्टरनं तक्ता पाहिला, मग आईकडे पाहिलं. "ताई, अंगातल्या शर्टाची बटणं कोण लावतं?"

"ही लावते."

"कधीपासून?"

उत्तर मला ठाऊक होतं. बारा दिवस. रोज तिची बटणं लावून मगच मी तक्ता भरायला बसत होते.

आईनं हात पिशवीखाली सरकवले. "सांगितलं असतं तर औषध बंद केलं असतंत. मग गाठीचं काय?"

"लगेच बंद नाही हो करत. डॉक्टर मात्रा कमी करतात, एखादा आठवडा थांबतात. लपवलंत तर मात्र बोटं कायमची तशीच राहू शकतात. शिवायचंय ना अजून?"

"तर! हिच्या तक्त्यावर घर चालणारे का?"

डॉक्टरांनी तो आठवडा सोडला, पुढची मात्रा कमी केली. तक्ता फाडायला माझा जीव धजला नाही. मागची कोरी बाजू वापरली. आता प्रश्न बंद. फक्त सुई, दोरा आणि घड्याळ. एरवी आई बोलता बोलता सुई ओवायची. पहिल्या दिवशी दोन मिनिटं चाळीस सेकंद लागले, सुई तीनदा पडली.

"तोंड पाडून बसू नकोस," ती म्हणाली. "लिही."

बाराव्या सलाइनच्या सकाळी: दोन मिनिटं पाच सेकंद. सुई एकदा पडली.