बुवांचा भार

"आला! बुवांना भार आला!"

नवरात्राची तिसरी माळ. कळंबच्या देवळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. रामहरी बुवा अंगात देवी आल्यागत पाटावर उभे राहून थरथरत होते. देवीमागं लख्ख तेज फाकलं आणि दुसऱ्या क्षणी पळते रंगीत दिवे विझले. दिवे पळवणारं, बारामतीहून आणलेलं खोकं जळालं. तीन माळांत तिसरं!

"देवीचा भार दिव्यांना झेपंना," बुवा घुमले. "गर्दीत अपशकुनी बाई हाय. नावातच नको हाय तिच्या!"

म्हणजे मी, नकोशी. पाचवी पोर म्हणून बापानं ठेवलेलं नाव. त्यात माझा काय गुन्हा?

मंडळाच्या मोहनरावांनी लगेच मान डोलावली. उद्या आरतीला मला देवीमागच्या कोठीत कोंडायचं. तरीही दिवे गेले तर मला माहेरी धाडायचं आणि दोन वर्षांची छकुली सासूकडं ठेवायची. माझा नवरा दीपक खाली मान घालून बसला. मेल्याला तोंड फुटेना!

दुसऱ्या दिवशी सासूनं, द्वारकाबाईनं, स्वतः कडी लावली. बाहेर छकुली रडत होती. मी दार धडकावलं, ओरडले, रडले. कोण ऐकतंय! कोठीत तेलाचे डबे, नारळ, भिंतीवर लाइटचा बोर्ड आणि त्याखाली दिव्यांचं नवं खोकं.

डोळे पुसून बोर्ड उघडला. उसाच्या मोटारीचा फ्यूज मी दहा वर्षं बांधतेय. इथं त्यात जाड तार कोंबलेली. फ्यूज सारखा जातो म्हणून आमच्याकडं सगळेच कोंबतात. मग फ्यूज टिकतो आणि पुढचं जळतं. खोक्यातून एक जादा वायरही निघाली होती. एक फाटा देवीमागच्या हजार वॉटच्या हॅलोजनला, दुसरा फरशीच्या फटीतून बुवांच्या पाटाखाली. अगं बाई, असं हाय व्हय!

दिवे अजून लावले नव्हते. मेन बंद करून जाड तार उपसली, कोपऱ्यातल्या सुट्या वायरीतला तांब्याचा एकच बारीक केस बांधला आणि मेन चालू केला.

आरती सुरू झाली. "आला, भार आला!" लख्ख तेज, फट् आवाज, आणि सगळे दिवे गेले.

"बघा! त्याच बाईनं..." बुवा गरजले.

मी मेन पाडून नवा केस बांधला आणि दारातून ओरडले, "बुवा, पाय उचला! त्याबिगर लाइट यायची न्हाय!"

समईच्या उजेडात सगळा गाव त्या पायाकडं बघायला लागला.

"उचला की, बुवा," मोहनराव म्हणाले.

बुवा हलेनात. शेवटी मोहनरावांनी पाटच ओढला. खाली पायानं दाबायची कळ निघाली. मी मेन चालू केला. रंगीत दिवे पळायला लागले. खोकं शाबूत होतं.

"भार देवीचा नव्हता, हॅलोजनचा होता," मी आतून सांगितलं. "खोक्याला तो पेलत नव्हता, आन् जाड तार घालून फ्यूज तुमीच मुका केलेला. फ्यूज बारीकच ठेवा. तो जातो म्हणून खोकं वाचतं."

कडी निघाली. छकुली धावत येऊन मला बिलगली.

"आगं, आधी का न्हाय बोललीस?" सासू पुटपुटली.

"बोलले की, आत्याबाई. दार बडवून बडवून बोलले!"

लोकहो, दिवे गेले तर वायर तपासा. बाईला कोंडून लाइट येत नसते.