आजच्या तारखेचा दाखला

"हा दाखला मागच्या सालचा हाय म्हनते कॉलेजवाले! बारावीची परीक्षा द्याच्या आंधीच पोरीनं शाळा सोडली का?" हिरीबाईने टी.सी. शाजियाच्या टेबलावर आपटली. मागे तिची मुलगी निता रडवेल्या तोंडाने उभी होती. वाशीमला नर्सिंगच्या प्रवेशाचा आज शेवटचा दिवस होता.

शाजिया केनवडच्या त्या शाळेत नवीनच क्लार्क होती, पण दुखणे तिला ठाऊक होते. ऑफिसच्या प्रिंटरचे सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे हा प्रिंटर आपलाच आहे हे संगणकाला पटवणारी ओळख, केव्हाच संपले होते. ते संपले की संगणक छापायचे नाव घेत नाही. हेडक्लार्क बबनरावांनी त्यावर अस्सल कचेरी इलाज काढला होता. छापण्यापुरती संगणकाची तारीख वर्षभर मागे न्यायची, की तो बिचारा फसायचा. दाखल्याखाली तारीख मात्र संगणकच टाकायचा, तीही मागचीच, आणि तिथली बारीक अक्षरे वाचायची कोणाला पडली होती?

"पेनानं खोड, आजची टाक, शिक्का मार अन् मोकळी हो," बबनराव म्हणाले.

"खाडाखोड चालत नाई ना तिथं, काका. मी नवीन प्रमाणपत्रच बनवते."

"हात लावू नको त्याले! जुनं मिटवलं अन् नवं जमलं नाई, तं सारी शाळा ठप्प होईन."

"होऊ द्या. खोटी तारीख मी आता टाकत नाई."

तिने प्रिंटरची सेटिंग उघडली, जुने प्रमाणपत्र काढले, नवे तयार केले. प्रिंटर बंद होऊन सुरू झाला. संगणक पुन्हा म्हणाला, हा ओळखीचा नाही. बबनराव शेजारी येऊन नुसते बघत राहिले. त्याचाच जास्त राग आला. शाजियाने दुरुस्तीवाल्याला फोन लावला, त्याने उचलेपर्यंत लावतच राहिली. नव्या प्रमाणपत्राची ओळख संगणकालाही करून द्यावी लागते, तो म्हणाला. तिने ती करून दिली.

कागद बाहेर आला. आजची तारीख होती. मुख्याध्यापकांची सही घेऊन निता एस.टी.कडे धावत सुटली.

हिरीबाई मात्र दारातच थांबली. "आमच्या गल्लीतल्या देवलाच्या पोरीचाबी कागद मिरगात असाच वापस आला होता. मंग घरच्यायनं तिले पुन्ना पाठवलंच नाई. लगन लावून देलं."

बबनरावांनी दाखल्यांचे रजिस्टर ओढून देवलाच्या पोरीचे पान काढले. म्हणाले, "शाजिया, तिचाबी काढ."

"आता काय उपेग, काका?"

"उपेग नाई. पन तिले खरा दाखला आपून देल्लाच नाई."

शाजियाने काढला. बबनराव स्वतः उठून सही घेऊन आले आणि तो त्यांनी हिरीबाईच्या हाती दिला. तिने कागद दुमडला नाही. दोन्ही तळहातांवर आडवा धरून ती देवलाच्या घराकडे चालू लागली.