तारांखाली स्पंज

मित्रांनो, मी एक जुना डबल बेस आहे. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा. अंगाने इतका थोराड की मला वाजवणारा उभ्यानेच वाजवतो. ज्या कारागिराने मला घडवलं, तो माझ्या पाठीवर टिचक्या मारून कान लावायचा आणि म्हणायचा, "बोल बाबा, पोटातून बोल." तसाच मी बोलायला शिकलो.

माझ्या वादकाने मला पाठीवर घेऊन जिने चढवले. त्याची बायको दारातच म्हणाली, "आणलीत का माझी सवत? हिला ठेवणार कुठे?" पण मला पुसायला मऊ कापड तिनेच काढून दिलं.

वादकाची थोरली बहीण पियानो वाजवायची. दोघांची जॅझच्या ढंगाची एक धून होती, अशी पळती की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. तिच्यात मी दर ठोक्याला एक सूर टाकत चालायचो. ताईने वर तेच तीन सूर एकत्र दाबले, तरी ते हसरे वाटणार की उदास, हे खाली मी कोणता सूर धरतो त्यावर ठरायचं. एकदा भर कार्यक्रमात ताईची वाट चुकली. वादकाने सगळी नक्षी सोडली आणि मूळ सूर तेवढे ठणठणीत दिले. ती बरोबर जागेवर आली. "तुम्ही दोघं होतात म्हणून अब्रू राहिली रे," ती म्हणाली. दोघं म्हणजे तो आणि मी!

पुढे वादकाची बोटं दुखू लागली. ती धून त्याला झेपेना, पण लोकांपुढे कबूल करायला जीभ रेटेना. एका दुपारी तो म्हणाला, "ताई, तुझ्या नव्या कीबोर्डवर बेसही निघतो ना? डाव्या हाताने तू वाजव. मी नुसता उभा राहतो."

"आणि याचा आवाज आला तर?"

"तारांखाली स्पंज कोंबतो."

ज्याच्या खांद्याला मान टेकून मी जन्म काढला, त्यानेच माझं तोंड बंद केलं. कार्यक्रमात तो माझ्यावर खोटी बोटं नाचवत राहिला, टाळ्या घेत राहिला. मी लाजेने अर्धा झालो.

नंतर एका बाईंनी कौतुकाने माझी तार छेडली. थप्प! "अहो, हा वाजतच नाही!"

तो म्हणाला, "जुना झालाय. बिघडलाय तो."

मित्रांनो, केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. थकलात तर खुशाल थकलो म्हणा, पण ज्याने साथ दिली त्याच्या माथी खापर फोडू नका. माझ्यात काडीचाही बिघाड नाही. त्याने ती धून हळू वाजवली असती, तर मीही हळू चाललो असतो. मला कुणी विचारलंच नाही.