नायलाचं "बरोबर!"

मेकन गावातल्या त्यांच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये गप्प बसणं म्हणजे पास्टरांचा अपमानच. पास्टर एक वाक्य बोलले की खालून "बरोबर!", "सांगा, सांगा!" अशी दाद यायलाच हवी. थेरॉनची मुलगी नायला याच बाकांवर लहानाची मोठी झालेली. त्यामुळे पाचवीच्या वर्गात हॅडलीबाईंनी अपूर्णांकांचं अवघड गणित झटक्यात सोडवून दाखवलं, तेव्हा तिच्या तोंडून आपसूक निघालं, "बरोबर! पुढे सांगा, बाई!"

बाईंनी चिठ्ठी दिली. वर्गात व्यत्यय, पालकांची सही हवी. थोड्याच दिवसांत दुसरी आली.

"कोल पण ओरडतो," नायला म्हणाली. "बाई त्याला म्हणतात, केवढा उत्साह!"

कोल गोरा. थेरॉनला यात नवल वाटलं नाही, तोही याच शाळेत असल्या चिठ्ठ्या गोळा करत शिकला होता. पण तिसरी चिठ्ठी आली की नायलाचं नाव हुशार मुलांच्या या वरच्या गणिताच्या वर्गातून जाणार होतं, आणि त्या वर्गात काळी अशी ती एकटीच होती. त्याने मुकाट्याने सही केली आणि तिला जवळ घेतलं.

"राणी, चर्चमधलं तोंड चर्चमध्येच. शाळेत ओठ शिवून बसायचं. कळलं?"

पोर गुणाची. तिने ओठ असे शिवले की रविवारी चर्चमध्येही ते उसवेनात. अर्लीनमावशींनी हातपंख्याने वारा घेता घेता थेरॉनला टोचलंच, "काय रे, पोरीच्या जिभेला कुलूप घातलंस की काय?" तो हसला खरा, पण घरी तळलेला मासा खाताना त्याचं लक्ष पोरीकडेच होतं. जेवताना पाय हलवत गणितं पुटपुटणारी त्याची पोर नुसती खाली मान घालून जेवत होती.

पालकभेटीच्या दिवशी तो गॅरेजमधून हात घासून घासून धुऊन, इस्त्रीचा शर्ट चढवून नायलासोबत शाळेत गेला. हॅडलीबाई प्रेमानेच बोलल्या. वाईट नव्हत्याच त्या.

"खूप सुधारली हो! आवाज म्हणून नाही तिचा. पण मिस्टर टॉलिव्हर, आता मला वेगळीच शंका येते. विचारलं तरी बोलत नाही. हा वर्ग तिला झेपतोय ना? साध्या वर्गात जरा मोकळी होईल, असं वाटतं मला."

बोलली तर उद्धट, गप्प बसली तर ढ! थेरॉनचं डोकं तडकलं. पण त्याने आवाज चढवला असता तर दारातला रखवालदार आत आला असता, हे तो जाणून होता. आणि पोरीचे ओठ तर त्यानेच शिवायला लावले होते. तेच त्याला जास्त लागलं.

"बाई, तिला एक गणित घाला ना. चांगलं अवघड."

नायलाने फळ्यावर पहिली पायरी लिहिली आणि थांबली. वळून बापाकडे बघत राहिली. पोरांच्या बुटक्या खुर्चीत अवघडून बसलेल्या थेरॉनने घसा साफ केला.

"बरोबर!" तो अगदी रविवारच्या आवाजात म्हणाला. "पुढे सांग, पोरी!"

तिने छेद समान केले.

"बरोबर! सांग, सांग!"

खडू सरसर चालू लागला, मग ओठही हलले. आधी ती पुटपुटली, मग मोठ्याने बोलत सुटली, आणि उत्तर तर तिने जवळजवळ गाऊनच सांगितलं. हॅडलीबाईंचं बोट सवयीने स्वतःच्या ओठांवर गेलं होतं. ते त्यांनी हळूच खाली घेतलं.

नायला धावत येऊन बापाच्या कानाशी लागली.

"डॅडी, वर्गात ओरडायचं नसतं. तुला चिठ्ठी मिळेल ना!"

तिच्या डोळ्यांत खरीच भीती होती. थेरॉनला भरून आलं. त्याने तिला मांडीवर ओढून घेतलं.

"मिळू दे, राणी," तो म्हणाला. "सही तू कर."