सिद्ध चाकांची वीतभर थाप

बुवापाड्याच्या मैदानात त्या लाल स्पोर्टी गाडीभोवती ही गर्दी! कोणी बॉनेटला हळद लावतंय, कोणी टायरपुढे नारळ फोडतंय. वेगनाथ महाराज टपावर हात ठेवून गरजले, "भक्तांनो! गेल्या रविवारी जुन्या, जड चाकांवर लिटरभर पेट्रोलात ही पंधरा किलोमीटर चालली. आज माझ्या छोट्या, हलक्या, सिद्ध चाकांवर? वाचा मीटर!"

"साडेसोळा!" रिक्षावाला किसन ओरडला. "आणि पिकअप काय, बाप रे! उडतेच!"

"मैदान ते जांभूळ गाव अशा फेऱ्या मारताना दोन्ही वेळा पेट्रोल संपलं ते गावच्या पाण्याच्या टाकीपाशीच," महाराज म्हणाले. " जलदेवीचा कौल! जुनी चाकं अर्पण करा, सिद्ध चाकं न्या!"

दहावीतली विशाखा दातओठ खात ऐकत होती. महिन्यापूर्वी तिचे पप्पा, मेकॅनिक भीमराव, एवढंच म्हणाले होते, "महाराज, ही नुसती लहान साइजची चाकं आहेत." त्यावर या माणसाने भर मैदानात बोट रोखलं होतं, "याच्या हाताला शनी चिकटलाय. याचा पाना लागेल ती गाडी घात करेल!" तेव्हापासून गॅरेजवर चिटपाखरू नाही. पप्पा सकाळी पाने पुसून मांडत, संध्याकाळी पुन्हा पुसून ठेवत. विशाखाला आज हिशेब चुकता करायचा होता, आणि तोही याच मैदानात.

ती पुढे घुसली. "महाराज, पेट्रोल दोन्ही वेळा त्याच टाकीपाशी संपलं? तेवढ्याच फेऱ्या मारून?"

"तेवढ्याच, बाळ! हाच तर चमत्कार!"

"मग जादाचा दीड किलोमीटर गाडी गेली कुठे?"

पुढ्यात बसलेल्या गयाबाई म्हणाल्या, "अगं, मीटर खोटं बोलतंय व्हय?"

"मावशी, किसनकाकांचं मीटर पळतं म्हणून तुम्ही रोज भांडता. महाराजांच्या मीटरला मात्र नमस्कार!"

किसनसकट सगळे हसले. विशाखाने अर्पणाच्या ढिगातून या गाडीचं जुनं चाक ओढलं, पूजेत मांडलेलं, गाडीला लावलंय तसलंच सिद्ध चाक शेजारी उभं केलं, दोन्हींवर खडूने खूण केली आणि एकाच रेषेवरून एकेक फेरा फिरवला. जुनं चाक वीतभर पुढे जाऊन थांबलं.

"बघा! मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतं. चाक छोटं, म्हणून फेरे जास्त, म्हणून आकडा जास्त. रस्ता तेवढाच! वेगाचा काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी पंचावन्नवरसुद्धा नसते. आणि छोटं, हलकं चाक लवकर फिरतं, हे तुमचं पिकअप!"

"कलियुग!" महाराज कडाडले. "बाप तशी पोरगी..."

"ए, बापावर जायचं नाय हां!" किसन बाह्या सरसावत म्हणाला. "चल महाराज, उतरव ही चाकं!"

गर्दीच्या कडेला उभे असलेले भीमराव पाना घेऊन निघाले, तशी विशाखा आडवी आली. "नाही पप्पा. तुमच्या हाताला शनी आहे ना? महाराजांनाच करू द्या!"

महाराजांनी जॅक लावून गाडी उचलली आणि नटाला पाना लावला. पाना फिरेल तसं अधांतरी चाकही गरगर फिरू लागलं. रेशमी कफनी ग्रीसने बरबटली. मैदान हसून लोळलं. विशाखाने महाराजांना फुटलेला घाम अगदी डोळे भरून पाहिला.

शेवटी भीमरावच शांतपणे म्हणाले, "आधी नट ढिले करायचे असतात, महाराज. मग जॅक."

"दादा," किसन खाली मान घालून म्हणाला, "उद्या माझी रिक्षा आणतो गॅरेजवर."

विशाखा जुन्या चाकावर चढली. "ऐका! चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी हातात खडू घ्या, मोजून बघा. आणि जो मोजू देत नाही, त्याच्याकडून चाक सोडा, चिमूटभर अंगारासुद्धा घेऊ नका!"