तीन पंख्यांचं कार्ड

संचिता आणि तिचा धाकटा भाऊ कौस्तुभ शिरोड्याच्या घरी एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीनं गेम खेळत वाढले. पाळीवरून भांडणं व्हायची, आईचे धपाटे दोघांना सारखेच मिळायचे. संचिता लग्न होऊन कुडाळजवळच्या नेरूरला आली तेव्हा कॉम्प्युटर अर्थातच कौस्तुभकडे राहिला. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. पण संध्याकाळी कामं आटपली की बोटं उगाच शिवशिवायची.

सासर चांगलं होतं. नवरा दत्तप्रसाद कुडाळच्या एमआयडीसीत कामाला होता; मनानं मोकळा आणि जरासा घायकुता. सासूबाई, सुगंधाबाई, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. बोलायच्या कमी, पण घरातली कुठलीही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. संचिता स्वतः कुडाळला एका पतसंस्थेत नोकरी करायची. लग्नाला सहा महिने झाले असतील, एक दिवस जेवताना तिनं सांगून टाकलं की तिला गेम खेळायला कॉम्प्युटर घ्यायचाय. तोही तयार नको, एकेक भाग निवडून ती घरीच जोडणार आहे.

"तुका जोडूक येता?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"येता."

"मगे जोड."

एवढ्यावर तो विषय मिटला आणि संचिता कामाला लागली. निवडायचं म्हणजे सोपं नव्हतं. प्रोसेसर ठरला की मदरबोर्ड त्याच्याच सॉकेटचा लागतो, नाहीतर तो त्यावर बसतच नाही. मदरबोर्ड ठरला की मेमरी त्याला चालणाऱ्या पिढीची हवी. कौस्तुभनं आपली जुनी मेमरी देऊ केली होती, पण ती नव्या बोर्डाच्या खाचेत शिरणारी नव्हती, म्हणून ती नको म्हणावी लागली. तो दोन दिवस फुगून बसला. कॅबिनेट तिनं मुद्दाम लहान घेतलं. हॉलमध्ये खिडकीखाली भिंतीत एक खोल कोनाडा होता, त्यात ते नेमकं मावत होतं. शिवाय त्याची जाळी काढून धुता यायची. या घरात लाल धूळ, मुंग्या आणि पाली यांना कोण अडवणार? वीज रोजच नखरे करायची, म्हणून पॉवर सप्लाय तिनं नावाजलेला घेतला. एकेक खोकं पतसंस्थेच्या पत्त्यावर येत गेलं. राहता राहिलं पडद्यावर चित्रं उमटवणारं ग्राफिक्स कार्ड. त्यातही कुठलं घ्यायचं ते तिचं ठरलं होतं.

तेवढ्यात एका शनिवारी दत्तप्रसाद कामासाठी म्हापशाला गेला आणि येताना भलंमोठं खोकं घेऊन आला. उंबऱ्यातच त्यानं ते तिच्या हातात दिलं.

"उघड तर. दुकानवालो म्हणालो, ह्याच्या वर काय नाय. तीन पंखे आसत."

संचितानं खोकं उघडलं. आतलं कार्ड देखणं होतं, यात शंका नाही. पण हातात घेताक्षणीच तिला कळलं की हे आपल्या कॅबिनेटमध्ये मावायचं नाही. चांगलं चार बोटं जास्त लांब होतं. आणि खोक्यावर लिहिलेली विजेची गरज तिच्या पॉवर सप्लायला झेपणारी नव्हती.

"आवडला?" त्यानं विचारलं. लग्नानंतर त्यानं स्वतःच्या मनानं तिच्यासाठी आणलेली ही पहिलीच वस्तू होती. त्याचा चेहरा इतका फुललेला होता की तिच्या तोंडून "आवडला" एवढंच निघालं.

मग तिनं उलटा हिशेब मांडायला घेतला. कार्ड ठेवायचं तर कॅबिनेट मोठं हवं. मोठं कॅबिनेट कोनाड्यात जाणार नाही, म्हणजे टेबल आलं. टेबल ठेवायचं तर दिवाण हलवायला हवा. पॉवर सप्लाय बदलायचा, आणि घेतलेला परत कोण घेणार? महिनोन्‌महिने जमवलेलं सगळं त्या एका कार्डापायी मोडत होतं. तरीही दत्तप्रसाद "कधी जोडतंस?" म्हणून विचारायचा आणि ती "एक भाग यायचो आसा" म्हणून वेळ मारून न्यायची.

एका दुपारी ती टेप घेऊन दिवाण मोजत असताना सुगंधाबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"दिवाण कित्याक मोजतंस?"

संचितानं आधी टाळलं. मग राहवेना, तिनं सगळं सांगितलं. सुगंधाबाई दिवाणाच्या कडेवर टेकल्या.

"ह्या दाराची चौकट बघ," त्या माजघराच्या दाराकडे बोट करत म्हणाल्या. "एका बाजून नवा लाकूड आसा. दत्ताच्या बाबांनी बेळगावहून माझ्यासाठी आरशाचा कपाट हाडल्यानी. ता दारातून आत जायना. मगे चौकट तोडली. गाव बघूक जमलो होतो. आनी माका कपाट नको होता गो, शिवणाची मशीन व्हयी होती."

"तुमी सांगूक नाय?"

"नाय. तेंका वायट वाटात म्हणान. ते तर वायट माणूस नव्हते. बोललंय असतंय तर दुसऱ्या दिवशी मशीन हाडल्यानी असती." त्यांनी संचिताच्या हातातली टेप काढून घेतली. "ते गेले, तरी तेंका ह्या कळाक नाय. तू दत्ताक आजच सांग."

सांगायचं ठरवणं आणि सांगणं यात पुष्कळ अंतर असतं. रात्रीची जेवणं झाली तरी संचिता घुटमळत होती. शेवटी तिनं कार्ड आणि कॅबिनेट दोन्ही उचलून त्याच्यासमोर ठेवलं आणि कार्ड आत घालून दाखवलं. त्याचं टोक बाहेरच राहिलं.

दत्तप्रसाद उठून अंगणात गेला. बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण आवाजात राग नव्हता.

"पयल्याच दिशी कित्याक नाय सांगलंस?"

"तू खुशीत होतस."

"माका वाटला, सगळ्यात मोठा ता सगळ्यात बरा." त्यानं कार्ड हातात फिरवून पाहिलं. "आता माका नीट समजाव. काय कोणाक बसता आनी कित्याक."

ती त्याच्याशेजारी बसली. सॉकेट, मेमरी, पॉवर सप्लाय, वारा कुठून आत येतो आणि गरम हवा कुठून बाहेर जाते, सगळं तिनं सांगितलं. तो मध्येमध्ये प्रश्न विचारत होता, आणि प्रश्न बरे होते. सासरी आल्यापासून या विषयावर ती इतकं पहिल्यांदाच बोलली असेल.

पुढच्या शनिवारी दोघं म्हापशाला गेले. दुकानदार कार्ड बदलून द्यायला तयार झाला, पण "ह्यापेक्षा बरं तुम्हाला मिळायचं नाही," असं दत्तप्रसादलाच बजावत राहिला.

"मला त्यातलं कळत नाही," दत्तप्रसाद सरळ म्हणाला. "मशीन हिचं आहे. हिच्याशी बोला."

संचितानं हवं ते दोन पंख्यांचं कार्ड मागितलं, काउंटरवरच टेपनं मोजलं आणि मग घेतलं.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जोडणी सुरू झाली. सुगंधाबाईंनी बॅटरी धरली. संचिता मागेल तो स्क्रू दत्तप्रसाद हातात देत होता. प्रोसेसर सॉकेटात अलगद बसला, मेमरी टचकन आवाज करून खाचेत गेली, कार्ड जागेवर सरकलं आणि कॅबिनेटचं झाकण सहज लागलं. मशीन कोनाड्यात ठेवून संचितानं बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला.

एवढं सगळं करून चुकलं कुठं? तिनं वायरी पुन्हा एकेक करून तपासल्या. मॉनिटरची वायर कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावली होती. तिनं ती काढून कार्डाला लावली, आणि पडदा उजळला.

"लागला," सुगंधाबाई म्हणाल्या आणि बॅटरी विझवून भात टाकायला निघून गेल्या.

संध्याकाळी शिरोड्याहून कौस्तुभ ऑनलाइन आला. मेमरीचा रुसवा तो केव्हाच विसरला होता. गाड्यांची शर्यत लागली, पहिल्या दोन्ही संचितानं जिंकल्या. मग तिनं हेडफोन दत्तप्रसादच्या डोक्यावर चढवला आणि खुर्ची सोडली. तो सुटला तो पहिल्याच वळणावर कठडा मोडून पाण्यात. हेडफोनमधून कौस्तुभचं हसणं संचितालाही ऐकू येत होतं.

"ब्रेक खंयचो?" दत्तप्रसादनं विचारलं.

"सांगतंय," ती खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसत म्हणाली. "आधी गाडी पाण्यातसून भायर काढ."